वगळलेल्या आठवणींविषयी : चाळीच्या स्मरणिका समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद,
स्मरणिका संपादक समिती

सप्रेम नमस्कार.

पुनर्विकासासाठी आपली चाळ रिकामी होण्यापूर्वी एक स्मरणिका काढावी आणि तिच्यात प्रत्येक बिऱ्हाडाची निदान एक आठवण असावी, हा समितीचा निर्णय सर्वांनाच मनापासून आवडला होता. अनेकांनी उत्साहाने लिहिले. ज्यांना लिहिणे जमत नव्हते अशा वयस्कर बायकांचे सांगणे मी त्यांच्याजवळ बसून उतरवून घेतले, त्यांना वाचून दाखवले आणि सही किंवा अंगठा घेऊन समितीकडे दिले. त्यांतील बहुतेक मजकूर आता परत आले आहेत, आणि सूचनाफलकावर निवेदन लागले आहे की, पोलीस, कोर्टकचेरी, चोरी, दारू, मटका किंवा तत्सम प्रकरणांचा उल्लेख असलेल्या आठवणी चाळीच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने छापल्या जाणार नाहीत. निवेदन जाहीर आहे, म्हणून उत्तरही जाहीर देत आहे. लालबाग, परळ, नायगाव, वरळी अशा भागांतल्या ज्या चाळी आज ना उद्या पाडल्या जाणार आहेत, तिथल्या मंडळींपुढेही हाच प्रश्न येणार असल्यामुळे त्यांनीही हे पत्र वाचावे अशी इच्छा आहे.

मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांच्या कार्यालयांत माझी सारी नोकरी झाली आणि शिरस्तेदार, म्हणजे न्यायालयाच्या दप्तराची प्रमुख, म्हणून मी निवृत्त झाले. त्यामुळे गुन्हा म्हटला की मला थरार वाटत नाही. डोळ्यांसमोर उभी राहतात ती सुतळीने बांधलेली दप्तरे, मुद्देमालावरची लाखेची सीले आणि सकाळी अकरापासून बाकावर बसून दुपारी पुढची तारीख घेऊन परतणारी माणसे. या माणसांचे पुढे काय झाले, हे कुठेही लिहिलेले नसते. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्यासारखे प्रकरण असेल तर १९५९ सालच्या त्या तीन गोळ्यांची चर्चा आजही होते, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवल्याचे लोकांना पाठ असते आणि निकालपत्रे कायद्याच्या ग्रंथांतून वाचता येतात. किरकोळ प्रकरणांचे तसे नाही. दारूबंदीच्या, जुगाराच्या, लहानसहान चोऱ्यांच्या खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केले जातात, आणि अशा नष्ट करावयाच्या कागदांच्या याद्या करणे हा माझ्या कामाचाच एक भाग होता. सरकारी कागद गेला, वर्तमानपत्राने तर ओळसुद्धा छापलेली नव्हती, तेव्हा उरते ती फक्त ज्या घरात ते घडले त्या घराची आठवण. चाळ पाडल्यावर ही घरे वेगवेगळ्या टॉवरांत, कोणी संक्रमण शिबिरात, कोणी डोंबिवली-बदलापूरला जातील, आणि जिन्यात उभे राहून जी गोष्ट चार तोंडांनी पूर्ण व्हायची ती एका तोंडी अर्धीच राहील. म्हणून समितीने नेमक्या याच आठवणी परत पाठवाव्यात, याचे मला आश्चर्य वाटले.

परत आलेला पहिला मजकूर ऐंशीच्या घरातील एका आजींचा आहे. संगमेश्वर तालुक्यातून लग्न होऊन त्या आपल्या चाळीत आल्या, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद, गावाकडचे पाहुणे आणि दिवसा झोपायला येणारे रात्रपाळीचे दोन गाववाले अशी दाटी होती. शिमग्याच्या आगेमागे सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या ट्रंकेतून नाहीशा झाल्या. पोलिसांत जायचे नाही हे सासऱ्यांनी लगेच ठरवून टाकले, कारण दारात हवालदार उभा राहिला तर नणंदेचे जमत आलेले लग्न मोडेल अशी धास्ती होती. त्याऐवजी एका जाणत्याला बोलावण्यात आले. त्याने तांदूळ मंतरले आणि घरातल्या प्रत्येकाला मूठभर कोरडे तांदूळ चावून पत्रावळीवर थुंकायला सांगितले. ज्याचे तांदूळ ओले होणार नाहीत तो चोर. बाहेर गॅलरीत सारा मजला जमला होता. आजी सांगतात की, आपली पाळी येईपर्यंत त्यांची जीभ टाळूला चिकटली होती, तांदूळ दाताखाली करकरत होते आणि पत्रावळीवर पडले ते जात्यातून नुसते भरडून निघाल्यासारखे पांढरेफटक आणि कोरडे.

भीतीने तोंडाला कोरड पडते हे आज शाळकरी मूलही सांगेल. घरात सर्वांत नवी, सर्वांत लहान आणि सर्वांत धास्तावलेली व्यक्ती त्या परीक्षेत नापास होणार हे जवळजवळ ठरलेलेच होते, आणि मला विचाराल तर जाणत्यालाही ते ठाऊक असावे. दुसऱ्या दिवशी सुनेला एस.टी.त बसवून माहेरी धाडले. दीड वर्षाने नवरा वडिलांचा शब्द मोडून तिला परत घेऊन आला. पाटल्या शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. त्या कोणी घेतल्या असाव्यात याविषयी आजींनी मला एक अक्षरही सांगितले नाही. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, "ज्याने घेतल्या त्याला ठाऊक. मी कशाला कुणाचं नाव घेऊ? माझं नाव घेतलं होतं तेवढं पुरे." त्यांच्या मजकुरात एक वाक्य असे आहे की, पोलीस आले असते तर निदान सगळ्यांना विचारले तरी असते.

या मजकुरावर समितीचा शेरा आहे : 'तक्रार नोंदलेली नाही. कुटुंबाची बदनामी.' त्या घरातील एक नातू समितीवर आहेत हे मला माहीत आहे आणि त्यांचा संकोचही मला समजतो. परंतु बदनामी झाली होती ती एकोणीस वर्षांच्या सुनेची, तीही भर गॅलरीत, आणि ती कधी मागे घेतली गेली नाही. आजींनी सासूचे नाव लिहिलेले नाही, खोलीचा क्रमांक लिहिलेला नाही, कोणाकडे बोट दाखवलेले नाही. आपण चोरी केली नव्हती एवढे त्यांना चाळीच्या कागदावर हवे आहे. आयुष्यभरात त्यांनी चाळीकडे दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

दुसरा मजकूर माझ्याच घरचा आहे. माझे वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रात्रपाळी संपवून घरी येताना कोपऱ्यावर हवालदाराने त्यांना हटकले आणि "जरा पंच म्हणून या" असे सांगून शेजारच्या चाळीच्या जिन्याखाली नेले. तिथे हातभट्टीच्या दारूने भरलेल्या दोन रबरी ट्यूब, एक नरसाळे आणि काचेचे ग्लास होते. नमुन्याची बाटली भरली गेली, तिच्यावर चिठ्ठी लावून सील केले गेले, वडिलांनी चिठ्ठीवर आणि पंचनाम्यावर सही केली आणि चहाही न पिता ते घरी येऊन झोपले. समन्स आले ते जवळजवळ तीन वर्षांनी. मग तारखा सुरू झाल्या, आणि प्रत्येक तारखेला खाडा. ज्याच्याकडे माल सापडला त्याचा सख्खा भाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. तो कधी धमकावून बोलला नाही. उलट नळावर भेटला की आईच्या हातातली कळशी आधी भरू द्यायचा, आणि आईला त्या कळशीचीच अधिक भीती वाटायची.

साक्षीच्या दिवशी काय झाले याच्या आमच्या घरात दोन हकिगती आहेत. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी जे पाहिले ते सरळ सांगितले आणि आरोपीच्या वकिलाच्या "याआधी किती वेळा पंच झालात?" या प्रश्नाला "ही पहिलीच आणि शेवटची" असे उत्तर दिले. हा प्रश्न उगाच नसतो. पोलिसांचे ठरलेले पंच असत, तेच ते दोघे प्रत्येक धाडीत सही करीत, आणि वकील त्यावर बरोबर बोट ठेवत. आईच्या सांगण्याप्रमाणे मात्र वडील म्हणाले की, सही माझी आहे, पण बाटली माझ्यासमोर भरली की आधीच भरलेली होती ते आता आठवत नाही. आरोपी सुटला एवढे दोघांनाही मान्य होते. पुढे मी न्यायालयातच नोकरीला लागले तेव्हा ते कागद पाहावेत असे मनात आले, तर ते केव्हाच नष्ट झाले होते. त्यामुळे स्मरणिकेसाठी मी दोन्ही हकिगती शेजारी शेजारी लिहिल्या आणि माझे मत दिले नाही.

समितीने ही आठवण 'कोर्ट प्रकरण' म्हणून बाद केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक निःपक्ष आणि प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे असे सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही पंच आहेतच, झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण तेवढे वाढले आहे. म्हणजे कायद्याला जेव्हा प्रतिष्ठित माणूस हवा होता तेव्हा त्याने तो चाळीत शोधला, आणि चाळीच्या स्मरणिकेने मात्र त्याच कारणासाठी त्याला प्रतिष्ठेबाहेर ठेवले.

हातभट्टीच्या दुसऱ्या बाजूची आठवणही परत आली आहे, आणि ती लिहिणारी नातवंडे स्वतःहून पुढे आली होती. १९४९ चा दारूबंदी कायदा झाल्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. नवरा क्षयाने गेला, पदरात चार मुले, आणि गिरणीत बाईला पूर्वीसारखे काम मिळेनासे झालेले. या बाईंनी धारावीकडून तयार माल आणून विकायला सुरुवात केली. फुटबॉलचे ब्लॅडर भरून ते पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात टांगलेले असत, आणि वास लपावा म्हणून तिन्हीसांजेला भरपूर ऊद जाळला जाई, त्यामुळे शेजारी त्यांना बराच काळ मोठ्या देवभक्त समजत होते. ठरलेल्या वारी येणाऱ्या हवालदाराचा हिशेब दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघांनी ठेवलेला असे. थोरला मुलगा पुढे महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक झाला. त्याने आयुष्यभर आई शिवणकाम करायची असे सांगितले, आणि त्याच्या मुलांना आता ते बदलायचे आहे. हातभट्टीचे कौतुक करावे असे मी मुळीच म्हणत नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून ऊर्ध्वपातन केलेल्या त्या पाण्याने किती घरे बुडाली हे याच चाळीने पाहिले आहे, आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली तो दिवस फार जुना नाही. नातवंडांनीही आपल्या मजकुरात आजीच्या गिऱ्हाइकांच्या बायकांचा उल्लेख टाळलेला नाही. एकीकडे चार मुलांच्या फिया आणि दुसरीकडे शेजारणीचे गहाण पडलेले मंगळसूत्र, दोन्ही त्याच बंबातून आलेले. असे लिहायला धैर्य लागते, आणि समितीच्या कोणत्याही अध्यक्षीय मनोगतात मला ते अद्याप दिसलेले नाही. हे थोडे कडक झाले, पण राहू दे.

मटक्याच्या आठवणींविषयी फार लिहीत नाही, कारण त्या सर्वांनाच ठाऊक आहेत. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणारा आकडा साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला आणि त्याची जागा मटक्याने घेतली. रात्री ओपन म्हणजे पहिला आकडा, मध्यरात्री क्लोज म्हणजे शेवटचा, आणि सकाळी नळावर बायकांच्या तोंडी रात्रीची स्वप्ने, कारण साप दिसला तर कोणता आकडा आणि प्रेत दिसले तर कोणता याची चर्चा नवऱ्यांपेक्षा त्याच अधिक मन लावून करीत. एका घरात आत्याचे लग्न गिरणीच्या बोनसमधून झाले असे तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. लग्न वैशाखातले आणि बोनस दिवाळीचा, हे एका नातीच्या लक्षात आले तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. ही हकिगत वाचून समितीतील कोणाला हसू आले नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आता जरा जपून लिहावे लागेल अशी एक आठवण. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत घराघरांतली कमाई थांबली, हे मी नव्याने सांगायला नको. त्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावरील एका काकूंकडे शेजारचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मेणकापडात बांधलेले एक पुडके घेऊन आला आणि "दोन दिवस ठेवा, मग नेतो" म्हणाला. लहानपणी तो त्यांच्याच हातचा भात खाऊन वाढलेला, म्हणून त्यांनी ते तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले. रात्री तांदूळ काढताना त्याचे वजन हाताला जाणवले. नवऱ्याला सांगावे तर तो आरडाओरडा करील, पोलिसांना सांगावे तर मुलगा जाईल, आणि ठेवून घ्यावे तर आपली दोन मुले त्याच खोलीत झोपलेली. पहाटे चारला पाणी आले तेव्हा काकू हंडा-कळशी घेऊन खाली उतरल्या, पदराखालून ते पुडके मुलाच्या आईच्या रिकाम्या बादलीत ठेवले आणि म्हणाल्या, "तुमच्या बाळाचं सामान आमच्याकडे राहिलं होतं." त्या बाईने बादलीवर ओले फडके टाकले. त्यानंतर दोघींत त्या विषयावर कधी शब्द निघाला नाही. मुलगा पुढे कुर्ल्याला एका कारखान्यात लागला.

चाळीत सगळे छातीठोकपणे सांगतात की, त्या पुडक्यात रिव्हॉल्व्हर होते. काकू सांगतात की, त्यांनी ते उघडले नाही आणि ते जड होते. आमच्या क्षेत्रात १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६० सर्वांना तोंडपाठ असे : तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिले असेल तर पाहणाऱ्याने सांगावे आणि ऐकले असेल तर ऐकणाऱ्याने. स्मरणिकेला इतकी कडक शिस्त लावता येणार नाही, पण काकूंच्या आठवणीत 'जड होते' एवढेच छापावे, रिव्हॉल्व्हर छापू नये, असा माझा आग्रह आहे. खरे तर समितीने माझ्याकडून अशा शिस्तीची हमी मागितली असती तर मी आनंदाने दिली असती. सरसकट बंदी घालून तिने तो मार्गच बंद केला.

आणि प्रत्यक्षात ही बंदी सर्वांना सारखी लावलेलीही नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. स्मरणिकेची कच्ची पाने मी पाहिली आहेत. त्यांत एक पान त्या काळातल्या एका भाईवर आहे. गणेशोत्सवात तो आपल्या मंडपात आला, मोठी वर्गणी दिली, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मजकुरात त्याला गरिबांचा कैवारी म्हटले आहे. हा इसम पुढे तडीपार झाला होता. तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या काकूंकडून त्याची पोरे दरमहा हप्ता नेत, आणि काकूंनी दोन महिने दिला नाही तेव्हा आमटीचे पातेले उकिरड्यावर ओतले गेले, हे पाहणारे लोक अजून चाळीत आहेत. काकूंच्या मुलीने हे लिहून दिले होते. ते पान परत आले आणि कैवाऱ्याचे पान राहिले. दोन्ही एकाच पृष्ठावर छापा, किंवा दोन्ही काढा.

तसेच अनेक खून करणाऱ्या रामन राघवचे. कच्च्या पानांत असे आहे की, १९६८ साली त्याला आपल्याच चाळीच्या जिन्यात लोकांनी पकडले. हे खरे नाही. २७ ऑगस्ट १९६८ रोजी त्याला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी पकडले, आणि ते परळच्या कोणत्याही जिन्यात नव्हे. त्याने मारलेली माणसे मुख्यतः उत्तरेकडच्या उपनगरांतल्या झोपड्यांत आणि उघड्यावर झोपणारी होती. त्याला झालेली फाशी मानसिक आजारामुळे १९८७ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि तो १९९५ मध्ये पुण्याला ससून रुग्णालयात मेला, हे सर्व नोंदलेले आहे. आपल्या जिन्यात त्या उन्हाळ-पावसाळ्यात जे घडले ते वेगळेच होते. गस्त घालणाऱ्या आपल्या तरुणांनी जिन्याखाली झोपलेल्या एका भटक्या माणसाला बेदम मारले. त्याचे नाव कोणी विचारले नाही आणि सकाळी तो तिथे नव्हता. गस्तीवर असलेले एक आजोबा अजून हयात आहेत. त्यांनी मला हे सांगितले आणि 'छापा' म्हणाले. समितीने त्यांचा मजकूर परत करून त्याच्या जागी ती शौर्यकथा घेतली आहे. म्हणजे नियम गुन्ह्याच्या उल्लेखाविरुद्ध नाही. नाव गाजलेले असेल तर ते चालते, आपल्याच हातून घडलेले चालत नाही.

ऐकीव गोष्टींनाही माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला. तिच्यात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या, आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या. एका पारशी गृहस्थाच्या घरात पडलेली वीट त्याने सरकारजमा केली, हे प्रसिद्ध आहे. आपल्या चाळीतील एका घराने गावी घेतलेली बाग त्याच सोन्यातून आली असे शेजारी ऐंशी वर्षे कुजबुजत आहेत, आणि ते घर म्हणते की बाग पठाणाकडून व्याजाने काढलेल्या पैशांतून घेतली आणि ते व्याज फेडताना दोन पिढ्या गेल्या. कुजबुज म्हणून कुजबुज छापावी, आणि घराचे म्हणणे तिच्याखाली छापावे.

सर्वांत गमतीची आठवण एका मामांची. मार्च १९८७ मध्ये वर्तमानपत्रात गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी हवेत अशी जाहिरात आली. बी.कॉम. होऊन बसलेले मामा मित्राची पँट मागून मुलाखतीला गेले, नापास झाले आणि रात्रभर रडले. १९ मार्चला त्याच जाहिरातीतून निवडलेल्या तरुणांना खोटे सीबीआय अधिकारी बनवून एका भामट्याने ऑपेरा हाउसच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या पेढीवर खोटी धाड घातली, दागिने बॅगांत भरले आणि तो नाहीसा झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. निवडलेली बिचारी पोरे पोलीस ठाण्यात जबाब देत बसली. मुलाला नोकरी न मिळाल्याबद्दल आजीने सत्यनारायण घातला, आणि प्रसादाला बोलावताना कारण काय सांगायचे यावरून घरात भांडण झाले. मामा मुलाखतीला खरोखर गेले होते याचा पुरावा त्यांच्या शब्दापलीकडे नाही. तसेच लिहा.

१२ मार्च १९९३ चे बारा स्फोट आणि ११ जुलै २००६ रोजी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेले सात स्फोट यांच्या 'थोडक्यात वाचलो' अशा आठवणी समितीने ठेवल्या आहेत आणि ते योग्यच आहे. बस चुकली, चप्पल तुटली, साहेबाने थांबवून घेतले, अशी कारणे प्रत्येक घरात आहेत.

समितीतील वकील सभासदांनी मला बदनामीच्या खटल्याची धास्ती सांगितली. ती निराधार नाही. मृत व्यक्तीवरील आरोपही तिच्या नातलगांना दुखावणारा असेल तर बदनामी ठरू शकतो, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ते कायम आहे. पण सत्य असून सार्वजनिक हिताचे असलेले विधान हा त्याच कलमातला अपवाद आहे, आणि आपल्याला अपवादाचा आधार घेण्याचीही वेळ येऊ नये अशी तजवीज करता येईल. जिवंत किंवा मृत कोणाचे नाव, मजला, खोली येऊ नये. सांगणाऱ्याची लेखी संमती असावी आणि ज्या घराविषयी आहे त्या घराला मजकूर आधी दाखवावा. त्यांना आपली बाजू द्यायची असेल तर ती तितक्याच अक्षरांत छापावी, मात्र नुसत्या 'नको'वर सांगणाऱ्याचे तोंड बंद करू नये. बाईवरील अत्याचाराच्या दोन आठवणी माझ्याकडे आल्या होत्या. त्या मी समितीकडे दिल्याच नाहीत आणि देणारही नाही, कारण चाळीत नाव गाळले तरी ओळख लपत नाही, आणि अशा पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पानांचा प्रश्न मुद्रकाला विचारून घेतला. परत आलेले सर्व मजकूर धरले तर सोळा पानांचा एक फर्मा वाढेल. त्याचा खर्च समितीच्या निधीतून नको असेल तर ज्यांचे मजकूर आहेत त्या घरांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली आहे. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी एक बैठक बोलवावी, आणि ती तळमजल्यावरच्या बालवाडीच्या खोलीत ठेवावी, कारण तांदळाच्या आठवणीच्या आजींना आता जिना चढवत नाही आणि आपला मजकूर त्यांना समितीसमोर स्वतः वाचून दाखवायचा आहे. वाचताना अडखळल्या तर पुढचे मी वाचेन, असे आमच्यात ठरले आहे.

कळावे,
आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरील एक भाडेकरू